जर्मन इंजिनाचं न वाचलेलं पान

तेल काढलं, तर ते दूध घातलेल्या चहासारखं निघालं. सुखदेवभाऊंनी त्यात बोट बुडवून पाहिलं. "बाई, तेलात पाणी घुसलं. इंजिन गेलं."

गाडी जर्मन होती, वेगासाठीच बांधलेली. ती एका कोळसा कंत्राटदाराची. त्यांच्याकडे तशीच दमदार अमेरिकन गाडीही होती. सत्तरच्या दशकात नागपुरात अशी एक गाडी दिसली तरी लोक थांबून बघत. नागपूर-जबलपूर खेपांसाठी त्यांना दोहोंपैकी एकच ठेवायची होती. कोणती, ते आमच्या वर्कशॉपनं दोन्ही इंजिनं उघडून, दुरुस्त करून, चालवून लेखी सांगायचं होतं.

मुलांनो, मी तिथे ऑफिस असिस्टंट होते. टायपिंगखेरीज माझं एक काम असे: इंग्रजी मॅन्युअल वाचून मेकॅनिकला मराठीत सांगणं. सुखदेवभाऊ आमचे हेडमेकॅनिक. आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखत, पण इंग्रजी वाचता येत नसे.

अमेरिकन इंजिन आधी झालं. आठ सिलिंडर, सगळं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जडशीळ. "ही म्हैस हाय, बाई," सुखदेवभाऊ म्हणाले. "काहीबी पाजा, चालते." जर्मन इंजिन सहा सिलिंडरचं, आकारानं जवळजवळ निम्मं. ते जास्त फेरे मारून ताकद काढायचं. त्याचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, अॅल्युमिनियमचं होतं. "हा घोडा. याचे नखरे लय."

दोन्ही गाड्या रामटेकपर्यंत पळवल्या. सुटताना अमेरिकन पुढे होती. मोकळ्या रस्त्यावर जर्मन निघून गेली आणि पेट्रोलही कमी प्यायली. मी रिपोर्टात लिहिलं, जर्मन ठेवा. आमच्या वर्कशॉपच्या मालकांनी सही केली.

तापल्यावर अॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं. म्हणून हेडचे बोल्ट गाडी थोडी चालल्यावर पुन्हा ठरावीक जोरानं आवळायचे, नाहीतर हेडखालून पाणी तेलात झिरपतं, असं जर्मन गाडीच्या मॅन्युअलच्या एका पानावर होतं. अमेरिकन गाडीच्या मॅन्युअलात तसं काही नव्हतं. ते पान मी सुखदेवभाऊंना वाचून दाखवलंच नाही. रिपोर्ट टाइप करायची घाई होती.

जॉबकार्डावर शेवटचा रकाना होता, 'मॅन्युअलप्रमाणे फेरतपासणीची सूचना दिली'. ड्रायव्हर गाडी न्यायला आला तेव्हा तो कोरा होता. मला कोरा रकाना बघवत नसे. मी टिक केली. आमच्याकडे सगळेच करत. मालकांना कार्ड भरलेलं लागे.

जबलपूरच्या वाटेवर, शिवनीच्या अलीकडे गाडी बंद पडली. ओढून आणली, तेव्हा तेल तसं चहासारखं निघालं.

दोन दिवसांनी कंत्राटदार केबिनमध्ये ओरडत होते, "तुम्ही लिहून दिलं म्हणून मी अमेरिकन विकली!"

मालकांनी जॉबकार्ड पुढे सरकवलं. "हे बघा, बाईंची टिक. आमच्याकडून सांगून झालं होतं. माणसानं केलं नाही. त्याला आजच काढतो."

सुखदेवभाऊ दारात उभे होते. "मालक, मले कोणी सांगितलंच नाही." मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही ते पान मले वाचून दाखवलं होतं का?"

तुमचे आजोबा तेव्हा नोकरी सुटून घरी होते. मी म्हटलं, "दाखवलं असेल. नक्की आठवत नाही."

"काहून आठवत नाही? तुमाले तं माह्या पोरीचा वाढदिवसही आठवते."

मी कार्डाकडे बघत राहिले. त्यांनी हात पुसले, आपले पाने-हातोडे एका फडक्यात बांधले आणि गेले.

पुढे प्रताप नगरकडे एका टिनाच्या शेडमध्ये ते स्कूटर दुरुस्त करत. मी दोनदा तिथे थांबले. "जय भीम, बाई," म्हणायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. पानाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. आता ते नाहीत.

कंत्राटदार शेवटपर्यंत चारचौघांत सांगत, "अमेरिकन इंजिनासारखं भरवशाचं काही नाही. जर्मन घेऊ नका." लोक माना डोलवत. तुमच्या कानावर असं एखादं मत आलं, तर आधी विचारा, त्या गाडीचं कार्ड कुणी भरलं होतं.