पानावरचा अंगठा

पुस्तक उघडं राहावं म्हणून दाबून धरलेला अंगठा फोटोत आला होता. जोर लावल्यामुळे नख पांढरं पडलेलं, आणि त्याखाली शेवटच्या ओळीतले दोन-तीन सूर झाकलेले.

रशियन पियानो-संगीताची दुर्मीळ नोटेशन्स जमवणाऱ्या आम्हा वेड्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बाजारात न मिळणारं पुस्तक ज्याच्याकडे असेल, तो पानांचे फोटो काढून टाकतो. आज मडगावच्या लीनाताईंनी, म्हणजे एका निवृत्त पियानो-शिक्षिकेनं, अख्खं पुस्तक टाकलं. इतकं जुनं पुस्तक असं दाबलं की मोडतं, हे त्यांना का ठाऊक नसेल? पानं पुढं सरकतात तशी मधली शिवण उसवत गेलेली दिसते. शेवटी शेवटी तर पुस्तक आपणहून सपाट पडलंय, अंगठ्याची गरजच उरलेली नाही.

माझ्याही कपाटात असंच एक पुस्तक आहे. कुणी मागितलं की मी म्हणतो, "बांधणी फार नाजूक आहे हो." खोटं नाही ते. पण ते फक्त माझ्याकडे आहे, हे सुख त्या बांधणीहून नाजूक आहे.

फोटोंखाली लीनाताईंनी लिहिलं होतं, "मध्ये मध्ये माझा अंगठा आलाय, सांभाळून घ्या."

वाचताना कान तापले. देण्याची वेळ आली की काहीच न देणं, याला आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणतात. आणि त्यांच्या त्या ओळीखाली मी मघाशीच, ग्रुपच्या रीतीप्रमाणे, माझा पिवळा अंगठा टाकून बसलो होतो.