जागेवर धावलेली जीप

धोंडीराम मिस्त्रीचं गॅरेज वडवणीत, बीड रस्त्याला. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक खड्डा आणि त्याचा तिरसट स्वभाव. गिऱ्हाईक बोलायला लागलं की हा आधी गाडीचं ऐकायचा, मग त्याचं. लोकांना त्याचा राग यायचा आणि तरी लोक त्याच्याकडेच यायचे. बाजारात बैलाचे दात बघायला जाणता माणूस नेतात, तसं जुनी गाडी घेताना त्याला सोबत नेत.

मीटरवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "ज्याचं वय कळत न्हाई त्याला म्हातारंच धरायचं," असं तो सांगे. म्हणजे ऑइल, पट्टे, ब्रेकची रबरं सगळं गेलंय असं समजायचं, आतून उघडून बघायचं आणि मगच हो म्हणायचं. हा नियम त्यानं एकदाच मोडला. तोही सख्ख्या बहिणीच्या गाडीला.

सत्यभामा त्याची धाकटी बहीण. धारूरच्या डोंगरातल्या एका वाडीत दिलेली. लग्नापासून ती आणि तिचा नवरा बद्रीनाथ दर साली दसरा झाला की ऊसतोडीला जात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता. पण गेल्या हंगामात सत्यभामाच्या कमरेनं जवाब दिला होता. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना तिचे पाय लटपटायचे, आणि एकदा ती मोळीसकट खाली आली. तेवढ्यात तालुक्यातल्या बंद पडलेल्या दूध संघाची जुनी जीप लिलावात निघाली. शेळ्या विकून जीप घ्यायची, वडवणी ते धारूर घाटातून सवाऱ्या न्यायच्या आणि हातातला कोयता सोडायचा, असा बेत ठरला.

लिलावाच्या दिवशी मीटर अठ्ठेचाळीस हजार दाखवत होतं. मीटर पाच आकडी. लाख झालं की पुन्हा शून्यावर. किती फेरे झाले असतील, असं बद्रीनाथनं विचारलंही. धोंडीरामनं स्टिअरिंग हलवून पाहिलं, घट्ट. पुढची चाकं गदागदा हलवली, जराही खेळ नाही. क्लच-ब्रेकच्या पायपट्टीच्या रबरावरची नक्षी शाबूत.

"एक बी फेरा न्हाई," तो म्हणाला. "ही गाडी पळालेलीच न्हाई. घ्या दाजी."

त्याच संध्याकाळी सत्यभामानं जाहीर करून टाकलं, यंदा खंडेनवमीला कोयत्याची पूजा होणार नाही, जीपची होईल.

मग काम निघालं. इंजिन उघडलं तर आत फारच झीज. धोंडीराम चपापला, पण संघवाल्यांनी ऑइलच बदललं नसेल अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. बहिणीचं भलं व्हायचं असलं की जाणत्या माणसालाही झापड येते, दुसरं काय. दसरा तोंडावर आला तेव्हा तो जीप घेऊन घाटात गेला. पहिल्याच वळणावर मागून दळण दळल्यासारखा आवाज आला. परत येऊन त्यानं मागच्या अॅक्सलचं पोट उघडलं. आतले छोटे गिअर दात झिजून सुरीसारखे झालेले, त्यांची पिन अर्धी खाल्लेली, तेलात लोखंडाचा भुगा. वरून कीर्तन, आतून तमाशा.

पुढून नवी आणि मागून म्हातारी, अशी गाडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. तो संघाच्या जुन्या राखणदाराकडे, सटवाकडे गेला.

"ती व्हय?" सटवा म्हणाला. "दुष्काळात संघानं जनावरांची छावणी काढलती ना, तवा लाईट कुठं व्हती? मागून एक बाजू इटांवर उचलली, त्या चाकाचा टायर काढला अन् तिथनं मशिनीला पट्टा लावून कडब्याची कुट्टी केली. दिवाळीपासून मिरगापस्तोर पळत व्हती, रात न्हाई दिस न्हाई. जागची हालली न्हाई."

धोंडीरामला कोडं उलगडलं. गाडी वळताना आतलं-बाहेरचं चाक कमीजास्त फिरतं, तेवढ्यापुरतेच ते छोटे गिअर फिरायचे असतात. एक चाक जमिनीवर आणि दुसरं हवेत ठेवून त्यांना महिनोन्‌महिने पळवलं होतं. मीटर गिअरबॉक्सवरून चालतं, म्हणून ते लाख ओलांडून पुन्हा पुढे गेलं होतं, आणि पुढच्या चाकांना त्याचा पत्ताच नव्हता. त्याहून वाईट म्हणजे त्या छावणीत धोंडीरामची स्वतःचीही दोन जनावरं होती. शेडमागचा धडधडाट त्यानं रोज ऐकला होता. ती कुट्टी खाऊनच त्याच्या गाई जगल्या होत्या. आपण उठून एकदा मागं जाऊन बघितलं नाही, याची त्याला भयंकर लाज वाटली.

बीडच्या भंगार बाजारात तसले गिअर मिळाले, ते यांच्याहून झिजलेले. दुसरीकडून यायचे तर दिवाळी उलटणार, आणि यंदा तोडीला येणार का, याचं उत्तर मुकादमाला दसऱ्याला हवं होतं.

"पाव्हणं, धारूरचा मिस्त्री म्हणतो जाड तेल अन् लाकडाचा भुसा टाकू," बद्रीनाथ खाली बघत म्हणाला. "आवाज दबल. हंगामभर चालल."

भुसा कोपऱ्यातच पडला होता. टाकावा, असं धोंडीरामलाही मनापासून वाटलं.

"दाजी, या गाडीचा हँडब्रेक चाकावर न्हाई, गिअरबॉक्सच्या मागं हाय," तो शेवटी म्हणाला. "घाटात हे गिअर तुटले तर हँडब्रेक बी गेला अन् इंजिनचा जोर बी गेला, उतारावर नुसता पायब्रेक उरला. आत बारा माणसं. मी न्हाई देणार."

"मग हिची कंबर?"

धोंडीरामनं कोपऱ्यातला भुसा उचलून बाहेर टाकला.

खंडेनवमीला सकाळी सत्यभामा गॅरेजात आली. हातात पूजेचं ताट, काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. तिला सगळं कळलं होतं. तिनं जीपच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं.

"लावू नको गं तिला," धोंडीराम म्हणाला. "माझ्यामुळं झालं हे."

"तिनं कुणाचं काय केलं? जनावरं जगवली की."

मग तिनं पोतं सोडलं आणि दोन कोयते त्याच्यासमोर फळीवर ठेवले. गेल्या हंगामाची गंजलेली पाती, मुठीवर तिच्या बोटांचे खळगे.

धोंडीरामनं ग्राइंडर चालू केला. ठिणग्या उडायला लागल्या, डोळे त्यानं बाहीला पुसले. सत्यभामा शेजारी, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"धार नीट लाव दादा," ती म्हणाली. "बोथट राहिला की वाकून दोनदा मारावा लागतोय."