आबांनी उघडं ठेवलेलं खातं

बरेच गुन्हे आता विसरलो, आरोपींचे चेहरेही एकमेकांत मिसळतात. पण पोटच्या मुलाचं नाव संशयित म्हणून ऐकल्यावर ज्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला, असा बाप मी सगळ्या नोकरीत एकदाच पाहिला. तो चेहरा काही केल्या पुसला जात नाही.

मी तेव्हा वसमतला पोलीस निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि उरलेला काळ शांततेत जावा एवढीच इच्छा होती. अशात एका सकाळी हजेरी संपल्यावर आमच्या हवालदाराने खबर आणली. बसस्थानकाजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात बिनकागदाचं सिमकार्ड मिळतं, मागाल तेवढं. बनावट गिऱ्हाईक पाठवून खात्री केली, पंच घेऊन छापा घातला. सापडलेली सिमकार्डं साखऱ्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या नावावर निघाली. त्यातल्या एकाला बोलावलं, तर त्याच्या खिशात बटनांचा जुना फोन, तोही लेकीने दिलेला. आपल्या नावावर इतकी सिमं फिरतात हे ऐकून तो बिचारा हात जोडूनच उभा राहिला. त्याला आधी बसवून पाणी द्यावं लागलं.

या सगळ्यांत एक धागा समान होता. सगळे जण हळद विकणाऱ्या एकाच शेतकरी कंपनीचे सभासद होते. म्हणजे त्यांच्या ओळखपत्रांचे कागद तिथूनच बाहेर पडले होते.

कंपनीचे अध्यक्ष शिरड शहापूरकडचे एक वयस्कर शेतकरी. सगळे त्यांना आबा म्हणत. संगणकाचं काम पाहणारी मुलगी सेनगावकडच्या एका तांड्यातली, शिकून इंजिनियर झालेली. तिला चौकशीला बोलावलं तेव्हा ती रडली नाही की घाबरली नाही, फक्त सोबत आणलेली पाण्याची बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. संगणकाच्या बाबतीत मी पक्का ढ. तिला म्हटलं, बाई, मला कळेल असं सांग.

तिने सांगितलं ते असं. सभासदांचे कागद ठेवलेला सर्व्हर म्हणजे दूरच्या शहरात भाड्याने घेतलेला संगणक. असा संगणक नुसता घेतला तर तो नव्या, बिनकड्यांच्या घरासारखा असतो. आपण बसून एकेक दार बंद करत जातो आणि एखादं हमखास विसरतो. म्हणून जाणकारांनी सगळी नको असलेली दारं आधीच बंद करून, तपासून ठेवलेला साचा मिळतो. त्याला इमेज म्हणतात. त्या साच्यातून सर्व्हर काढला की तो पहिल्या दिवसापासून कडेकोट. परदेशात हळद घेणारे व्यापारीसुद्धा हेच विचारतात, तुमचा सर्व्हर नियमात बसतो का. तिने तसाच सर्व्हर उभा केला होता.

मग चोर शिरला कुठून, मी विचारलं. तिने बाटली टेबलावर ठेवली. म्हणाली, एक दार तिनेच उघडं ठेवलं होतं.

सर्व्हरमधल्या ये-जाची नोंद काढली तेव्हा कागद उतरवून घेणाऱ्याचं नाव दिसलं. ते आबांच्या मुलाचं होतं.

हा मुलगा काही वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. कंपनीतला पहिला संगणक त्यानेच बसवला होता. एकदा वजनाच्या नोंदीत त्याच्याकडून चूक झाली आणि आबा काट्यावर चारचौघांत त्याला नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी मुलगा घरात नव्हता. आमच्याच ठाण्यात त्याची मिसिंग, म्हणजे हरवल्याची नोंद, दाखल होती, तपास थंडावलेला. त्याच्यानंतर इंजिनियर मुलीने उभ्या केलेल्या सर्व्हरच्या साच्यात नियम असा, की बरेच दिवस न वापरलेलं खातं आपोआप बंद होतं आणि पासवर्डही ठरावीक काळाने बदलावा लागतो. आबांनी मुलीला गळ घातली होती, त्याचं तेवढं खातं चालू ठेव, पासवर्डही तोच राहू दे, त्यानं कधी उघडलंच तर बंद दिसायला नको. तिने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा आबा काही बोललेच नाहीत, तिच्या टेबलासमोर नुसते उभे राहिले. मग तिने त्या एका खात्याला दोन्ही नियमांतून वगळलं.

आबांना बोलावून सांगितलं, की तुमच्या मुलाच्या नावाने कोणीतरी सर्व्हरमध्ये शिरून चोरी केली आहे. चोरी हा शब्द त्यांच्या कानात गेलाच नाही.

"आलं होतं का पोरगं?" त्यांनी विचारलं. "कवा आलं होतं, साहेब?"

दुपारी त्यांची बायको डबा घेऊन ठाण्यात आली. पोरगं सापडलं तर मारू नका, आधी जेवू घाला, एवढंच ठाणे अंमलदाराला सांगून बाकड्यावर बसली. तिला घरी जा म्हणायला कोणाची जीभ रेटली नाही. मीही माझ्या खोलीचं दार ओढून घेतलं, कारण त्या बाकड्याकडे बघवत नव्हतं.

इकडे दुकानदार आतापर्यंत म्हणत होता, की कागद कुणा अनोळखी माणसाने फोनवर पाठवले. ठाण्यात काय चाललंय हे त्याच्या कानावर गेलं आणि त्याने लगेच जबानी फिरवली. म्हणाला, व्हय साहेब, आबाच्या पोरानंच दिले, मागल्या आठवड्यात दुकानावर आला होता. मी विचारलं, दिसायला कसा होता? बारीक, डोक्यावर दाट केस, निळ्या चौकड्यांचा शर्ट. मी मिसिंगच्या कागदातला फोटो मागवला. तोच शर्ट, तेच केस.

खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाबद्दल आपण आधी बदल सांगतो. वाळला, सुटला, केस गेले. घर सोडून गेलेला मुलगा इतक्या वर्षांनी फोटोतल्या शर्टात येत नसतो. दुकानदाराने त्याला हल्ली पाहिलंच नव्हतं, पण जाताना पाहिलं होतं. मी दुकानाची पुन्हा झडती घ्यायला लावली. मागच्या फडताळात, जुन्या चार्जरांच्या ढिगाखाली एक लॅपटॉप मिळाला. मुलगा गेला त्या दिवशी तो इथे विकून गेला होता. खातं आणि पासवर्ड त्यात तसेच साठवलेले. दुकानदाराने सहज उघडून पाहिलं, तर दार अजून उघडंच. पुढचं त्याने पंचांसमक्ष कबूल केलं.

तपास संपला, पण खरं अवघड काम राहिलं होतं. आबांना खोलीत घेऊन सांगितलं, की तो तुमचा मुलगा नव्हता. त्यांनी हात जोडले. हळू आवाजात म्हणाले,

"साहेब, त्याचंच नाव ऱ्हाऊ द्या ना. चोर म्हनून तरी तुमी त्याला हुडकायला मानसं पाठवसाल. हरवलेल्याला कोन हुडकून राहिलं?"

एवढी वर्षं खाकी घातली, पण इतका खरा आरोप माझ्यावर कोणी केला नव्हता, आणि तो करताना ते हात जोडून बसले होते. खोटं नाव मी लिहू शकत नव्हतो. मिसिंगचा तपास मात्र त्याच दिवशी स्वतःकडे घेतला. दुकानदाराला पुन्हा बसवून विचारलं, तर मुलगा नांदेडच्या गाडीत चढला एवढंच त्याला माहीत होतं. नांदेडपर्यंत गेलो, पुढे माग लागला नाही.

मुलीवर गुन्हा दाखल झाला नाही. कंपनीने तिला समज दिली आणि सर्व्हर नव्याने उभा करायला सांगितलं. ती त्याच कोऱ्या साच्यातून काढणार होती, या वेळी एकही अपवाद न करता. त्या दिवशी मी मुद्देमालाच्या कामासाठी तिथे होतो आणि आबाही येऊन बसले होते.

"आता त्यानं उघडलं तर त्याला काय दिसंल?" आबांनी विचारलं.

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. आत शिरण्याआधी या साच्यात एक इशारा दिसतो. परवानगी नसलेल्यांनी प्रवेश करू नये, कारवाई होईल. आबांनी तो अक्षर अक्षर लावून वाचला आणि मान खाली घातली. मुलीने कीबोर्ड जवळ ओढला. मग इशाऱ्याच्या खाली तिने लिहिलं, खातं बंद असल्यास या क्रमांकावर फोन करा, आणि आबांचा मोबाइल नंबर टाकला. हे नियमात बसतं का, मी तिला विचारलं.

"बसतं, सर," ती म्हणाली. "नंबर देऊ नका असं कुठं लिहिलेलं नाही."

दार बंद ठेवायला मी आयुष्यभर लोकांना शिकवलं, आणि ते बरोबरच आहे. आबांच्या प्रेमाची झळ साखऱ्यातल्या गरिबांना लागली, हेही खरं. पण तेव्हा मला कळलं, की कुलूप लावायला सांगताना त्या घराला कोणाची वाट बघायची आहे, हेही विचारायला हवं. ते विचारलं असतं तर तो नंबर पहिल्याच दिवशी तिथे लिहिला गेला असता.

निवृत्तीनंतर पहिल्या दिवाळीला मी आबांना नव्या नंबरवरून फोन केला. पहिल्याच घंटेला उचलला. "कोन, पोरा?" पलीकडून आलं, आणि मी माझं नाव सांगितलं. मग ते म्हणाले, "बोला साहेब." त्यानंतर मी त्यांना फोन केला नाही. भेटावंसं वाटलं की एसटीने जाऊन भेटून येतो.