यांची गाडी

आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचं हसू बत्तिशीनं बनवलेलं आहे. बत्तिशी हे त्याचं गल्लीनं ठेवलेलं नाव, कारण तो कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप पाठवतात आणि हा पुढच्या खोलीत खिडकीशी बसून गुलाबी हिरड्यांत एकेक दात असा बसवतो, की लग्नाच्या फोटोसाठी नातेवाईक उभे करतोय असं वाटावं. मागच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. त्यातल्या बऱ्याच जबड्यांचे मालक आता या जगात नाहीत.

"ठेवतोस कशाला?" मी एकदा विचारलं.

"टाकवत नाहीत रे. ओळखीची तोंडं आहेत."

माणूस असा. पुढच्या खोलीत वारलेल्यांचे जबडे आणि मागच्या शेडमध्ये वारलेल्या भावाची गाडी.

बत्तिशी बोलायला, चालायला, जेवायला जितका हळू, तितका त्याचा दादा दणदणीत. दादा ट्रेलर चालवायचा. कुणा साहेबानं गाशा गुंडाळताना मागे टाकलेली एक मोडकी गाडी त्यानं ओढत आणली आणि कित्येक सुट्ट्या तिच्याखाली उताणं पडून काढल्या. दोनच दारं, लांबलचक बॉनेट, नारिंगी रंग आणि पोटात आठ सिलिंडरचं इंजिन. पैलवानाला धाकट्या भावाचा सदरा घातल्यासारखी ती दिसायची. अशा गाडीला मसल कार म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही तिला 'दणका' म्हणायचो. संध्याकाळी दणका कोपऱ्यावर वळला की कपाटातल्या कपबशा थरथरायच्या, झोपलेली पोरं उठून बसायची आणि वहिनी फाटक उघडायला निघायच्या. दादानं कधी हॉर्न वाजवला नाही. गरजच काय होती?

एका संध्याकाळी गाडी नेहमीसारखी आली. वहिनींनी फाटक उघडलं, गाडी शेडमध्ये गेली, इंजिन बंद झालं. वहिनींनी चहा टाकला. चहा उकळून आटला तरी दादा आत येईना. जाऊन पाहिलं, तर स्टिअरिंगवर हात ठेवून तो तसाच बसलेला होता.

"गाडी आली, पण हे आले नाहीत." वहिनी तेव्हापासून एवढंच सांगतात.

बत्तिशीनं गाडीवर कापड घातलं ते कायमचं. रविवारी ते काढायचं, पत्रा पुसायचा, पुढची जाळी दात घासायच्या ब्रशनं घासायची, आणि पुन्हा झाकायचं. काच आतल्या सीटकडे न बघता पुसण्याची कला त्यानं कमावली होती. चालकाच्या बाजूचं दार मात्र त्यानं कधीच उघडलं नाही.

मग वहिनींचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी कुकर ऐकू येईना, मग दारावरची बेल, मग बत्तिशी. तो ओरडून बोलायला लागला, आणि त्यामुळे त्या घरातलं काहीही गल्लीपासून लपून राहिलं नाही. म्हणूनच पुढचं सगळं मला माहीत आहे.

एका संध्याकाळी वहिनी उठल्या आणि फाटक उघडून उभ्या राहिल्या.

"वहिनी, काय झालं?" बत्तिशी ओरडला.

"यांची गाडी वळली."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी तेच. मग रोजच. कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, कान रिकामा झाला की स्वतःचेच आवाज काढतो. आणि जो थोडा उरलाय तोही आता जाईल. बत्तिशी हे वहिनींना सांगताना इतका ओरडला, की समोरच्या इमारतीतल्या आजींनीही आपल्या कानांची धास्ती घेतली.

वहिनींनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "मग उरलाय तोवर गाडी एकदा बाहेर काढा. माझ्या कानातली कुठली आणि खरी कुठली, ते मला ताडून बघायचंय. नंतर मला कळायचं नाही, भाऊजी. मग मी आयुष्यभर फाटक उघडत बसू?"

बत्तिशी उठून उगाच फळीवरचे जबडे सरळ करायला लागला. कारण त्याच आठवड्यात जुन्या गाड्यांचे एक संग्राहक येऊन गेले होते. या रंगाच्या आणि या इंजिनाच्या गाड्या जगात मोजक्याच उरल्यात, असं सांगताना त्यांचा आवाज देवळात आल्यासारखा खाली गेला होता. त्यांच्याकडे गाड्यांसाठी काचेचा हॉल होता. तिथे ऊन नाही, धूळ नाही, पेट्रोल-ऑइल सगळं काढून घेतलेलं.

"चालवू मात्र नका हं," ते म्हणाले. "हिचं सगळं मूळचं आहे. टायरसुद्धा मूळचे!"

"त्यातली हवा माझी आहे," बत्तिशी म्हणाला. "सायकलच्या पंपानं भरतो."

त्याला मनापासून तो हॉल पटला होता. काचेत दादा शांत राहील, असं तो मला म्हणाला. गाडी शांत राहील असं नाही म्हणाला.

गाडी न्यायला माणसं सोमवारी येणार होती. वहिनींना हे कळलं तेव्हा त्या त्याच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

"गिऱ्हाइकानं कवळी डबीत ठेवली की केवढे चिडता! रोज घाला, नाहीतर बसणार नाही म्हणता."

"कवळी तशीच राहते हो वहिनी! बदलतो तो जबडा! हिरडी आटते!"

"मग? मी आटतेय ते दिसत नाही?"

बत्तिशीनं हातातले दात खाली ठेवले.

"तुम्हाला भीती कुणाची वाटते, गाडीची की यांची?"

"तुमची!" तो ओरडला, आणि मेकॅनिकला बोलवायला गेला.

मेकॅनिकनं बॉनेट उघडून आधी नाक दाबलं. पेट्रोलचा डिंक झाला होता, ब्रेकची रबरं वाळली होती, टायर खालून चपटे पडले होते. आणखी काही दिवस ठेवली असती तर इंजिन जाम झालं असतं, म्हणाला. त्यानं आठवडाभर खपून तिला उठवलं. संग्राहकांना पुढची तारीख द्यावी लागली. त्यांनी फोनवर उसासा टाकला तो न ओरडताही गल्लीला ऐकू गेला.

मग तो दिवस आला. मेकॅनिक म्हणाला, मी चालवतो. वहिनी म्हणाल्या, "घरचा माणूस पाहिजे." बत्तिशीनं ते दार उघडलं. दादा उंच, हा बुटका. सीट पुढे ओढायला मेकॅनिकनं हात घातला तर हा किंचाळला, "तिला हात लावू नको!" शेवटी पाठीमागे दोन उशा घेतल्या. स्टिअरिंगच्या वर त्याची हनुवटी तेवढी आली.

"बिळातून डोकावल्यासारखे दिसताय," वहिनी म्हणाल्या. पण त्यांचे हात फाटकावर घट्ट होते.

इंजिन खोकलं, गप्प झालं, पुन्हा खोकलं आणि मग धडधडलं. साऱ्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या. बत्तिशी गाडी घेऊन कोपऱ्यावरून दिसेनासा झाला. मी वहिनींजवळ उभा होतो. उजेड उतरत चालला होता. थोड्या वेळानं तो आवाज पुन्हा कोपऱ्यावर वळला, जवळ आला, अंगात शिरला. नारिंगी गाडी फाटकातून थेट शेडमध्ये गेली आणि बत्तिशीनं इंजिन बंद केलं. घामानं निथळत तो उतरून फाटकाशी आला.

"आली ऐकू? वहिनी! आली?"

"आली की. स्पष्ट आली."

"मग? हीच ना?"

वहिनींनी नकारार्थी मान हलवली. त्या गाडीकडे बघतच नव्हत्या, रस्त्याकडे बघत होत्या.

"ही तुमची," त्या म्हणाल्या. "यांची मागून येतेय. भाऊजी, जागा करा."

मी हसायला तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या हाताखाली फाटकाची कडी थरथरायला लागली. बारीक, सारखी. इंजिन तर बंद होतं. बत्तिशीनं कडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परत गाडीत बसला, उशा नीट केल्या आणि दणका मागे घेऊन, शेडमधून बाहेर काढून, भिंतीच्या कडेला लावला.

वहिनींना आता काहीही ऐकू येत नाही. गाडी हॉलमध्ये गेली नाही. बत्तिशी तिच्यातून कवळ्या पोचवायला जातो आणि डॉक्टरांच्या काचा हलवून येतो. तिचा रंग उन्हानं विटलाय, बॉनेटवर कावळे बसतात. संग्राहक परवा येऊन कपाळाला हात लावून उभे होते.

"अहो, निदान त्या रिकाम्या शेडमध्ये तरी ठेवा!"

"शेड संध्याकाळी रिकामी लागते," बत्तिशी म्हणाला, आणि ऊन कलल्याचं बघून फाटक उघडायला उठला.