अकरा जणींचा खुराक

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील रांजणगावच्या कारखान्यात होते आणि कामगारांच्या चळवळीतही. शिरूरच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. पाठकोऱ्या बाजूला मी गणितं सोडवली, छापील बाजूवर अक्षरं ओळखली. 'बंधूंनो' हा शब्द मला फार लवकर वाचता यायला लागला. 'भगिनींनो' बऱ्याच उशिरा, कारण तो बहुतेक पत्रकांत नसायचाच. यावरून मी वडिलांशी भांडले तेव्हा शाळेत होते. पुढच्या पत्रकात त्यांनी तो शब्द घातला. लिहिलं की बदलतं, हा माझा भाबडा विश्वास तिथून आला असावा.

त्यामुळे खुटबावच्या मुलींच्या फुटबॉलसाठी काहीतरी करायला हवं असं वाटलं, तेव्हा मी आधी पत्रकच काढलं.

खुटबावला माझी मावशी राहते. कॉलेजात असताना मी पुण्यात फुटबॉल खेळले होते, डाव्या बाजूची बचाव खेळाडू म्हणून, आणि खरं सांगायचं तर बेताचीच. मावशीकडे गेले असताना शाळेमागच्या मैदानावर मुली चेंडूमागे धावताना दिसल्या आणि मला राहवेना. तेव्हापासून वडिलांची जुनी गाडी काढायची, न्हावऱ्यावरून उसाच्या ट्रॉल्यांना चुकवत पारगावचा पूल ओलांडायचा आणि खुटबाव गाठून मुलींचा सराव घ्यायचा, असं सुरू झालं. आधी फक्त रविवारी जायचे. मग मधल्या वारीही. घरी बसलं की पाय हलत राहायचे.

खुटबावचा तालुका दौंड, रेल्वेचं गाव. रेल्वेच्या वसाहतीत एके काळी फुटबॉल जोरात होता, असं जुनी माणसं अजून सांगतात. सांगतात आणि गप्प बसतात, याचा मला संताप यायचा. शिरूरमध्येही तेच. जो भेटेल तो म्हणायचा, 'आपल्याकडं टॅलेंट लई हाय.' बरं, आहे. मग त्या टॅलेंटला दौंडपर्यंत न्यायला गाडी कोण देणार? बूट कोण देणार? पत्रकात मी हेच विचारलं. शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ टाकली: 'जे गाव पैलवान पोसतं, त्याला फुटबॉल का पोसता येत नाही?'

ही ओळ मला फार आवडली होती. गावालाही आवडली. घोटाळा तिथेच झाला.

आबांनी मला बोलावून घेतलं. ते तालमीचे जुने वस्ताद. कान मोडलेले, मान खांद्यात रुतलेली, शब्दाला गावात वजन. देवळाच्या पारावर माझं पत्रक मांडीवर ठेवून बसले होते.

"पोरी, ह्ये तू लिवलंय?"

"हो, आबा."

"झ्याक लिवलंय. पैलवान पोसतो तसा फुटबॉल पोसा. बराबर हाय. आता सांग, पैलवान कोन?"

"म्हणजे?"

"म्हंजी खुराक कुनाला चालू करायचा?"

मी म्हटलं, सगळ्यांना. आबा हसले, पारावरचे बाकीचेही हसले.

"आगं, अकरा पैलवान एका गावाला झेपत्यात व्हय? येक निवडायचा. त्येचं नाव झालं की गावाचं नाव झालं."

मी समजावून सांगितलं की हा सांघिक खेळ आहे. आबांनी ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पन गोल तर येकच जन मारतो का न्हाई?"

यावर उत्तर होतं, पण ते पारावर बसलेल्या माणसांना पटेल असं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या पुढच्या फळीतल्या मुलीच्या दारात डेअरीतून दुधाची किटली येऊ लागली. सोबत बदाम. सणासुदीला तूप.

ही मुलगी अकरावीत होती. तिच्या आजोबांच्या काळात घरात मेंढ्या होत्या. आता ऊस आहे, पण मेंढ्यांच्या वाड्याभोवती लावायची जाळी, वाघर, माळ्यावर पडून होती. ती वाघर तिनेच आणून आमच्या गोलला बांधली. मैदानावर सगळ्यात आधी ती यायची आणि सगळ्यात शेवटी जायची. तिच्या वडिलांनी एक अट स्पष्ट घातली होती: यंदा जिल्ह्याच्या शिबिरासाठी निवड झाली तर पुढे खेळायचं. नाही तर बारावीचे क्लास लावायचे आणि फुटबॉल बंद. सतरा वर्षांखालच्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष होतं. दौंडला रेल्वेच्या मैदानावर शिरूरच्या संघाशी सामना ठरला होता आणि तो बघायला पुण्याहून निवड करणारे येणार होते. तिचं सगळं त्या एका दुपारवर टांगलेलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच मुलींनी तिला पास देणं थांबवलं.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मधल्या फळीत खेळणारी आमची कर्णधार, जिची जीभ पायापेक्षा चपळ, ती चेंडू घेऊन पुढे यायची, मान वर करायची आणि चेंडू भलतीकडेच द्यायची. मी शिट्टी वाजवून विचारलं, "ती मोकळी उभी आहे, दिसत नाही का?"

"दिसतीय की, ताई. पन खुराक खानारीनं पळून घ्यावा बॉल. आमी चपाती-चहावाल्या."

सगळ्या हसल्या. मग कोणीतरी ओरडलं, "पैलवान, शड्डू ठोका!" आणि पुन्हा हशा. ती मुलगीही हसली, पण सरावानंतर माझ्या गाडीपाशी येऊन उभी राहिली.

"ताई, आबांना सांगा ना. दूध बंद करा म्हणावं. मला बॉल पायजे."

मी आबांकडे गेले. आबांना धक्काच बसला. "खुराक मधीच तोडायचा? कुस्तीची जोड ठरल्यावर? आसा अपमान वैऱ्याच्या पैलवानाचा बी करत न्हाईत." त्यांच्या डोळ्यांत खरोखर दुखावल्याचं दिसत होतं. त्या रागावलेल्या, प्रेमळ माणसासमोर माझी सगळी पत्रकं अपुरी पडली. गाव मदत करत नाही म्हणून भांडायची मला सवय होती. गाव मदत करत होतं आणि तीच मदत संघ मोडत होती, याच्याशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

सामन्याला गाव टेम्पो भरून आलं, हलगीसकट. कुस्तीच्या फडात पैलवान उतरला की हलगी कडाडते. इथे आमच्या मुलीच्या पायात चेंडू आला की हलगी कडाडायची आणि गेला की थांबायची. चेंडू तिच्या पायात येतच नव्हता, त्यामुळे हलगीवाला बराच वेळ नुसता उभा होता. आबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत पुढे सरकून बसले होते. निवड करणारे गृहस्थ टोपी घालून रेषेपाशी उभे होते आणि मधूनमधून मोबाइलमध्ये बघत होते. त्यांनी मोबाइल खिशात घालावा म्हणून मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. शिरूर आणि दौंड या आमच्या दोन तालुक्यांतून पुण्याकडे जाणारी वाट म्हणजे तो एक माणूस आणि त्याची अर्धी दुपार. मला रेषेवर उभं राहवत नव्हतं. मी चालत होते, वळत होते, पुन्हा चालत होते.

उत्तरार्धात ती मुलगी वाट बघून कंटाळली. मागे आली, आपल्याच गोलपर्यंत आली, शिरूरच्या मुलीच्या पायातून चेंडू काढून घेतला आणि निघाली. हलगी सुरू झाली. तिने एकीला चुकवलं, मग दुसरीला. हलगीची लय चढत गेली. टेम्पोवरची माणसं उभी राहिली. समोर फक्त गोलकीपर उरली होती. मीही ओरडले, "मार!"

तिने मान वर केली. डावीकडून आमची एक मुलगी धावत येत होती, पूर्ण मोकळी. तिचे वडील उत्तर प्रदेशातून आलेले, खुटबावच्या एका गुऱ्हाळावर गूळ करणारे. जन्म इथला, बोली इथली, तरी गावात ती 'गुऱ्हाळवाल्याची' एवढीच. आमच्या खुराकवालीने चेंडू तिच्याकडे सरकवला आणि तिने तो जाळीत घातला.

हलगी थांबली. कुणासाठी वाजवायची, ते त्या बिचाऱ्याला कळेना.

मग टेम्पोवरून एक आवाज आला, "आरं तिच्या! खुराक हिनं खाल्ला आन् गोल तिनं मारला!"

मैदानावर मात्र कर्णधार धावत जाऊन पास देणारीच्या गळ्यात पडली होती. त्यानंतर मुली तिला चेंडू देऊ लागल्या, पण वेळ थोडा उरला होता. शेवटी शेवटी गुऱ्हाळवाल्याच्या मुलीने आणखी एक गोल केला. आम्ही जिंकलो. टोपीवाल्या गृहस्थांनी एकच नंबर पुकारला. तो त्या गोल मारणारीचा होता.

मी त्यांच्या मागे गेले. म्हटलं, सर, पहिला गोल कुणी घडवला ते पाहिलंत का? ते म्हणाले, "पाहिलं ना. छान खेळते तीही. पण एका गावातून एकच घेतोय सध्या." एकच. आबा आणि हे गृहस्थ एकमेकांना कधी भेटले नसतील, पण हिशोब दोघांचा सारखाच होता.

परतताना टेम्पोत ती मुलगी शिबिराला निवडलेल्या मैत्रिणीच्या शेजारी बसली होती. पाटस मागे पडलं. मग तीच म्हणाली, "आगं, शिबिरात उजव्या पायानं पन मारायला लागतं. तुझा उजवा पाय म्हंजी नुसता टेकायला हाय." मैत्रीण रडत रडत हसली.

तिच्या वडिलांनी शब्द पाळला. बारावीचे क्लास सुरू झाले.

खुराकाचं काय करायचं यावर पारावर बराच खल झाला. 'परक्याची पोर' असं कोणीतरी म्हणालंच. तेव्हा आबा कडाडले, "तालमीत परगावचं पैलवान ऱ्हात न्हवतं का? त्येंला काय उपाशी ठिवलं व्हतं आपुन?" विषय संपला. किटली गुऱ्हाळाकडे जाऊ लागली. आबांचा मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी चिडचिडही झाली. पुन्हा एकीलाच!

पण त्या मुलीच्या आईने पहिल्याच दिवशी मला हात जोडून सांगितलं, "दीदी, दूध तो ये पीती ही नहीं. बचपन से नहीं. नाक पकड़के भी नहीं." गावाचं दूध परत कसं करायचं, या भीतीने माय अर्धी झाली होती. शेवटी मुलगी किटली घेऊन मैदानावर आली. स्टेशनजवळच्या टपरीवाल्याने त्या दुधाचा चहा करून दिला. सराव संपला की सगळ्या जणी गोलपोस्टपाशी बसून चहा प्यायच्या. बदाम बिस्किटांसारखे फिरायचे.

गावात अशा गोष्टी लपत नाहीत. एका सकाळी आबा काठी आपटत मैदानावर आले.

"खुराकाचा च्या केला? तालमीत च्या पिनाऱ्याला मी लाथ घालून हाकलत व्हतो!"

सगळ्या उठून उभ्या राहिल्या. गुऱ्हाळवाल्याची पोर पुटपुटली, "आबा, दूध पिलं की मी ओकते."

कर्णधाराला गप्प राहणं कधी जमलंच नाही. "आबा, गावाला अकरा पैलवान झेपत न्हाईत म्हनला व्हता ना तुमी? अकरा कप झेपत्यात बघा."

मला वाटलं आता काठी उठणार. आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती पुढच्या फळीतल्या त्या मुलीवर थांबली. तिच्या पाठीवर क्लासची सॅक होती, पायात बूट.

"तू का आलीस? तुझी तर निवड न्हाई झाली."

"क्लासच्या आधी येते, आबा. घरी म्हाईत हाय. तिला शिबिरात जायचंय तर पास कोन देनार? एकटी भिंतीवर मारंल व्हय?"

आबा वळले. कपही घेतला नाही. काठी टेकत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी डेअरीवाला गुऱ्हाळाकडे न वळता थेट मैदानावर आला. किटली तेवढीच होती. गोलपोस्टच्या बुडाशी ठेवून तो गाडी वळवू लागला. मी विचारलं, "कुणासाठी?"

"आबा म्हनले ग्राऊंडवर ठिव. कुनाला ते काय बोलले न्हाईत."

मी हरखले. आणि लगेच हिशोब सुरू झाला: एवढ्याशा दुधात सगळ्यांचं काय होणार, त्या मुलीला पुढच्या वर्षी कुठल्या गटात खेळवायचं, तिच्या वडिलांशी पुन्हा कधी बोलायचं, शिरूरला असं मैदान कुठे मिळेल. पिशवीतून वही काढली आणि उभ्या उभ्या नव्या पत्रकाची पहिली ओळ लिहू लागले.

ती मुलगी समोर येऊन उभी राहिली. सॅक वाघरीला अडकवली होती आणि नजर शाळेच्या घड्याळाकडे.

"ताई, ते लिहिनं मागनं करा ना. माझा क्लास हाय. आधी बॉल टाका."

मी वही खाली ठेवली आणि बॉल टाकला.