वाढत्या पायाचे बूट

मंडळी, आज सकाळी ठाण्यात बुटांच्या दुकानात सुनेशी माझं वाजलं, आणि या वयात मी जिंकले!

नात कातळ चढायला शिकतेय. त्याचे खास बूट घ्यायचे होते. बोटं पुढे टेकतील असा घट्ट जोड तिने निवडला. सून म्हणाली, "अगं, एक नंबर मोठा घे. पाय वाढतोय तुझा."

हेच मी ठाकुर्लीला, पंचावन्न-छप्पन साली, वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. शाळेच्या कवायतीसाठी त्यांनी मला कॅनव्हासचे बूट आणले, चांगले दोन नंबर मोठे. पुढे कापूस कोंबला. तेव्हा घरोघरी हेच चालायचं.

तेच घालून मी दादाबरोबर मुंब्र्याच्या डोंगरावर गेले. कातळावर पाय रोवला, तर बूट तिथेच आणि पाय आतल्या आत फिरला! मी घसरले. दादाने माझी वेणी पकडली, म्हणून आज हे लिहितेय. मग बूट गळ्यात अडकवले आणि अनवाणी वर पोचले. बोटांना दगड कळायला लागला तशी भीती पळाली.

वडिलांना मी हे कधीच सांगितलं नाही. किती हौसेने आणले होते त्यांनी!

सुनेला मात्र आज सगळं सांगितलं. तिने घट्ट जोडच बांधायला दिला.

तुम्हीही पोरांना सगळं वाढत्या मापाचं घेता ना? फ्रॉक घ्या, स्वेटर घ्या. चढायचे बूट मात्र आजच्या पायाचे घ्या.