वाचा, मोठ्यानं

“वाचा. मोठ्यानं.”

कार्ड टेबलावर ठेवायचं, दोन बोटांनी समोरच्याकडे सरकवायचं आणि एवढंच म्हणायचं, ही बाईंची रीत. कार्डावर काय लिहिलंय ते आम्हाला पाठ असायचं, तरी वाचायला लागायचंच. पुटपुटलेलं चालायचं नाही. “का हो, घरून जेवून निघाला नाहीत?” असं विचारायच्या.

बिबवेवाडीत एका स्टेशनरीच्या दुकानावर खोली आहे. तिथं दर रविवारी आमचा कार्डांचा खेळ रंगतो. रमी-बिमी नव्हे. कंपनी कार्डांची पाकिटं विकते, पाकिटात काय निघेल ते आपलं नशीब. निघालेल्या कार्डांतून जो तो आपला डेक लावतो आणि समोरच्याशी भिडतो. आम्ही बहुतेक आयटीतले, काही कॉलेजातले. बाई साठीच्या पुढच्या, छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासून निवृत्त झालेल्या. खालच्या दुकानात रिफिल घ्यायला आल्या, वरचा आरडाओरडा ऐकून तक्रार करायला जिना चढल्या आणि बसल्या त्या बसल्याच.

त्यांना पाकिटात ‘पहारेकरी’ निघाला. हे कार्ड टेबलावर असेपर्यंत समोरच्याला एका चालीत एकच कार्ड टाकता येतं. आता एकेका कार्डानं कुठे लढाई होते? लहानसहान कार्डं चार-पाच एकदम टाकली तरच त्यांना जोर, म्हणून त्यांना आम्ही ‘चिल्लर’ म्हणायचो. पहारेकऱ्यानं चिल्लरीची किंमत शून्य केली. पोरं ती कार्डं टेबलावरच टाकून जायला लागली. बाई मात्र ती गोळा करून बिस्किटांच्या डब्यात भरायच्या. “छापलेलं आहे. टाकवत नाही.”

माझा राग वेगळा होता. एकदा ऑफिसातल्या मित्रांना मुद्दाम माझा खेळ बघायला आणलं होतं. बाईंनी पहारेकरी सरकवला आणि ते वाक्य मला त्यांच्यासमोर तीनदा वाचायला लावलं. “‘एकच’वर जोर द्या,” म्हणाल्या. सोमवारपासून ऑफिसात माझं नाव ‘एकच’ पडलं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचा वचपा काढायची स्वप्नं तुम्ही अंघोळ करताना बघता. माझ्या बाई त्या.

आणि मग कंपनीनंच माझी बाजू घेतली. पहारेकरी फार जड होतोय म्हणून त्यांनी नियम बदलला: यापुढे तो एकच चाल टिकणार. कार्डावर छापलेलं तसंच राहिलं, नवा नियम वेबसाइटवर आला. मी तो वाचला आणि घरात अक्षरशः नाचलो.

रविवारी बाईंनी नेहमीसारखा पहारेकरी सरकवला. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

“बाई, आज तुम्ही वाचा. मोठ्यानं.”

त्यांनी मोबाइल नाकाशी नेला, लांब धरला, पुन्हा नाकाशी नेला आणि परत दिला.

“छापलेलं नाही ते मी वाचत नाही. कागदावर आणा.”

मग मीच वाचलं, ‘एकच’वर भरपूर जोर देऊन. सगळे खो खो हसले. बाई हरल्या. “छापून झाल्यावर बदलतात? चूक होती तर आधी बघायची,” एवढं म्हणून डबा काखेत मारून निघून गेल्या. खरं सांगतो, मला फार म्हणजे फार बरं वाटलं. त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

काही रविवार त्या फिरकल्या नाहीत. मग आल्या त्या तोच डबा घेऊन, आणि त्यांनी हसलेल्यांना एकेक करून समोर बसवलं. पहारेकऱ्याचा दरारा संपला तशी चिल्लर मोकळी सुटली होती, हे आम्हा हुशार लोकांच्या लक्षातही आलं नव्हतं. चिल्लर होती कुणाकडे? ती तर आम्ही टाकून दिलेली. बाई एकदम चार कार्डं मांडायच्या, पाच मांडायच्या, आणि प्रत्येकासाठी तेच: “वाचा. मोठ्यानं.” कुणी रडकुंडीला आलं तरी दया नाही. मला त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

माझा डाव त्यांनी सावकाश संपवला, लोणचं चाटून खावं तसा. अखेरचं कार्ड सरकवलं तेव्हा त्याच्या कोपऱ्यावर चहाचा डाग होता. डाग माझा, कार्ड माझं.

“ओळखलंत?” बाई म्हणाल्या. “तुम्हीच टाकलं होतंत. वाचा.”

मी वाचलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, “झालं,” म्हणाल्या आणि जिना उतरल्या. एका हातानं कठडा घट्ट धरून, पायानं पायरी चाचपत. पुन्हा आल्या नाहीत.

मी दातओठ खात बसलो. जिंकून पसार होणं ही काय रीत झाली? थोड्या दिवसांनी कंपनीनं नियम पुन्हा बदलला: एका चालीत चिल्लर दोनच. मी त्याची चक्क प्रिंट काढली, ठळक अक्षरांत; म्हटलं, आता बघू काय सबब सांगता. दुकानदाराकडून पत्ता घेतला आणि संध्याकाळी त्यांच्या घरी पोचलो.

दार त्यांनीच उघडलं. माझ्या खांद्यापलीकडे बघत विचारलं, “कोण?”

मी नाव सांगितलं. त्या हसल्या. “अच्छा, एकच! या.”

आत दिवा लावलेला नव्हता. खुर्चीशी त्या हातानं अंदाज घेत गेल्या. डबा टेबलावरच होता. मी भलतंच विचारलं.

“म्हणजे तुम्ही आम्हाला वाचायला लावायचात ते...”

“दिसत नव्हतं, हे खरं. तुम्हाला शेवटी हरवेपर्यंत डोळे टिकावेत एवढंच मागत होते.” थांबून म्हणाल्या, “पण तुमची फजिती करायला मजा यायची, हेही खरं. उगाच गळा काढू नका.”

मी गळा काढणार नव्हतो. निदान तेव्हा तरी नाही. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, कडा जुळवून बघितल्या, वास घेतला.

“छापून आणलंत?”

“तुम्हीच म्हणाला होतात.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले.

“वाचा,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं.”